जुन्या गोव्याची गोष्ट अर्धी सांगू नका

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण,
नवी दिल्ली



मांडवीच्या काठावरचे जुने गोवे १५३० पासून पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. आफ्रिकेतल्या मोझांबिकपासून चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावपर्यंतचा कारभार या एका शहरातून चाले. त्या शहराची घरे, बाजारपेठा, इस्पितळ, गोदी, राजवाडे यांतले आज जवळजवळ काहीच उभे नाही. उभी राहिली ती मुख्यतः प्रार्थनास्थळे. १९८६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा यादीत घेतले, तेही ‘गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट’ या नावाने. से कॅथेड्रल, बॉम जेझूस बॅसिलिका, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, सेंट कॅजेटन, सेंट कॅथरीनचे चॅपेल, रोझरी चर्च आणि सेंट ऑगस्टीनचे भग्नावशेष अशा सात वास्तू त्या यादीत आहेत. या सातही वास्तू त्या मानाला पात्र आहेत, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. यादी वास्तूंची असते. आपल्या खात्याच्या हाती मात्र एक अख्खे शहर आहे. ही चर्च ज्या भूमीवर उभी आहेत तिचा आधीचा इतिहास, ती उभी राहत असताना काय मोडले गेले, कोणाला गाव सोडून जावे लागले आणि धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) नावाखाली अडीचशे वर्षे तिथे काय चालले, हे सारे त्याच जागेवर, तारखांसह आणि तितक्याच गांभीर्याने सांगितले गेले पाहिजे. या पत्रातली मागणी एवढीच आहे, आणि ती पूर्ण करणे आपल्या अधिकारात आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाने गोव्याबद्दल का लिहावे, असा प्रश्न प्रथम येईल. त्याचे उत्तर आमच्याच भूमीत आहे. औंढा नागनाथचे मंदिर पाहिले की इतिहास थरांनी कसा साचतो ते डोळ्यांना दिसते. खाली यादवकाळाची आठवण देणारे काळ्या दगडातले कोरीव काम आहे, आणि वर नंतरच्या काळातले, अगदी वेगळ्या घडणीचे पांढरे शिखर. मूळ मंदिराची मोडतोड औरंगजेबाच्या काळात झाली आणि जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, असे सांगितले जाते. दोन काळांमधला सांधा तिथे कोणी लपवलेला नाही. भाविक अरुंद पायऱ्यांनी खाली उतरून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतो आणि तो सांधाही पाहतो. त्याच्या श्रद्धेला त्याने बाधा येत नाही. त्याच परिसरातल्या नर्सीच्या नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातले भाविक नर्सीला येतात. एका धर्मस्थळावर एकाच समाजाची मालकी असते, ही समजूत आमच्या जिल्ह्यात टिकत नाही. आणखी एक नाते आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला. ज्या प्रदेशांना स्वातंत्र्य उशिरा मिळाले, त्यांचा इतिहास पाठ्यपुस्तकांतही उशिरा आणि तोकडाच येतो. हिंगोलीत निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती, हे आमच्या किती मुलांना ठाऊक असेल? म्हणून गोव्याच्या बाबतीत अर्धी गोष्ट सांगितली जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

आता पुराव्याकडे येतो. पोर्तुगिजांनी रिकाम्या जागेवर शहर वसवले नाही. अकराव्या शतकात कदंब राजांनी आपली राजधानी चांदोरहून जुवारी नदीवरच्या गोपकपट्टणाला आणली. ते बंदर आजच्या जुन्या गोव्यापासून काही किलोमीटरच्याच अंतरावर होते. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांच्या नाण्यांवर आणि बिरुदांत येतो. बहमनी स्वाऱ्यांत ते देवस्थान उद्ध्वस्त झाले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने दिवाडी बेटावर त्याची पुन्हा स्थापना केली. पुढे मांडवीच्या काठावरचे एला हे बंदर वाढले आणि विजापूरच्या आदिलशाहीत महत्त्वाचे ठाणे झाले. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये ते आधी घेतले, काही महिन्यांत गमावले आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. त्या मोहिमेत होनावरकडचा तिमय्या त्याच्या बाजूने होता, म्हणजे या विजयात स्थानिक हिंदूंचाही हात होता. शहर पडल्यावर तिथल्या मुसलमानांची जी कत्तल झाली, तिचे वर्णन अल्बुकर्कने स्वतः आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात आहे. सेंट कॅथरीनचे चॅपेल हे त्याच विजयाचे स्मारक. तो दिवस त्या संतिणीचा होता म्हणून चॅपेलला तिचे नाव मिळाले. चॅपेल पाहणाऱ्याला विजय कळावा आणि कत्तलही कळावी. एक सांगून दुसरे गाळणे म्हणजे तारीख सांगून घटना गाळण्यासारखे आहे.

या आधीच्या थरांच्या खुणा आजही जमिनीवर उभ्या आहेत. सेंट कॅजेटन चर्चजवळ काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी दिसते. पायऱ्या, दोन्ही बाजूंचे कोरीव खांब, जाळीच्या नक्षीचे दगड आणि वर आडवी तुळई. भिंत नाही, छप्पर नाही, मागे फक्त हिरवळ. आदिलशहाच्या वाड्याचे ते प्रवेशद्वार. चौकटीचे कोरीव काम पाहून हे दगड एखाद्या हिंदू मंदिरासाठी घडवले असावेत, असे वाटल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय पुढे याच वाड्यात राहिले. त्यांनी मुक्काम हलवल्यावर वाडा ओस पडला, आणि एकोणिसाव्या शतकात पणजीच्या बांधकामांसाठी त्याचे दगड काढून नेण्यात आले. एकाच उंबरठ्यावरून दोन राजवटी आत गेल्या आणि दुसऱ्या शहरासाठी तो वाडा मोडला गेला, हे त्या चौकटीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवे. जवळच्या चौकात हातकातरो खांब आहे. एखाद्या जुन्या देवळाचा वाटावा असा काळा दगडी खांब, अंगावर प्राचीन अक्षरे. पोर्तुगीज काळात गुन्हेगारांना जाहीर शिक्षा देण्यासाठी त्याचा उपयोग झाला. इथे लोकांचे हात तोडले जात, अशी लोकस्मृती आहे. लोकस्मृती आणि कागदोपत्री पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या असतात. फलकावर त्या वेगळ्याच सांगाव्यात. पण दोन्ही सांगाव्यात. युनेस्कोच्या सात वास्तूंत ही चौकट नाही आणि हा खांबही नाही.

जे उभेच नाही त्याची गोष्ट याहून अवघड आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरची देवळे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले. पुढच्या दोन-तीन दशकांत बार्देश आणि साष्टीवर तीच वेळ आली. दिवाडीचे सप्तकोटीश्वर पुन्हा मोडले. त्याचे लिंग एका विहिरीवर दगड म्हणून वापरले जात होते. ते भक्तांनी गुपचूप नदीपार डिचोलीच्या नार्व्याला नेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला आणि तसा शिलालेख तिथे आहे. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा १५६६ मध्ये कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. फोंडा महालात आज जी देवळे एकापाठोपाठ एक दिसतात, ती विस्थापित देवांची वसाहत आहे. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही: त्या काळी फोंडा विजापूरच्या आदिलशाहीत होता. पोर्तुगिजांच्या हातून वाचवलेल्या हिंदू देवांना ज्या भूमीत आसरा मिळाला, तिचा राजा मुसलमान होता. आजच्या राजकीय सोयीसाठी इतिहासाचे दोन तुकडे करणाऱ्यांनी एवढी एक वस्तुस्थिती ध्यानात घेतली, तरी त्यांची मांडणी ढासळते. फोंडा पोर्तुगिजांकडे आला तो १७६३ मध्ये. तोवर देवळे पाडण्याचा जोर ओसरला होता, म्हणून ती टिकली.

सर्वांत मोठे मौन धर्मन्यायालयाबद्दल आहे. १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षांचा खंड वगळता, इन्क्विझिशन जुन्या गोव्यात बसत होते. त्याचा वाडा से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता आणि तो वाडाही मूळचा आदिलशाही काळातला. सोळा हजारांहून अधिक माणसांवर तिथे खटले चालले. चार्ल्स देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने १६७० च्या दशकात त्या कोठड्यांत कैद भोगली आणि सुटल्यावर १६८७ मध्ये आपली हकीकत छापली, म्हणून आत काय चाले ते जगाला कळले. न्यायालय बंद झाल्यावर वाडा पाडण्यात आला आणि गोव्यातली बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. आपल्याकडे अनंत काकबा प्रियोळकरांनी गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, १९६१ मध्ये, या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे विद्वत्तेच्या क्षेत्रात ही गोष्ट अंधारात नाही. तरीही ज्या चौकात हे घडले, त्या चौकाला तिची आठवण आपण दिली पाहिजे, कारण शहर पाहायला येणाऱ्यांपैकी शंभरात एकही प्रियोळकरांचे पुस्तक वाचून येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जुन्या जखमा उघडल्या तर आजच्या गोव्यात तेढ वाढेल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो बहुधा भल्या हेतूने घेतला जातो. पण त्याच्या मुळाशी एक चूक आहे. या न्यायालयाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. ज्यू धर्मातून आलेले नवख्रिस्ती आणि घरात तुळस ठेवली, जुने विधी पाळले किंवा जुन्या रीतीने लग्नकार्य केले या संशयावरून धरलेले स्थानिक ख्रिस्ती असे लोक त्यात मोठ्या संख्येने होते. हिंदूंचा छळ झालाच. तरी त्या कोठड्यांत खितपत पडलेल्या कित्येकांचे वंशज आज रविवारी त्याच परिसरात मिसेला येतात. तेव्हा धर्मन्यायालयाची गोष्ट सांगणे म्हणजे आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती माणसाकडे बोट दाखवणे नव्हे. त्याच्या पूर्वजांचे दुःख मान्य करणे आहे. अधिकृत संस्था गप्प बसली की ती जागा अफवा आणि प्रचार भरून काढतात. मग आकडे फुगतात, कहाण्या रंगतात आणि त्या शेजाऱ्यावर भिरकावल्या जातात. तारखा, नावे आणि पुरावे असलेला सरकारी फलक हा त्यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उपाय आहे.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. ही चर्च गुलामीची चिन्हे आहेत, सरकारी पैसा त्यांच्यावर न घालता पाडलेली देवळे त्याच जागी पुन्हा उभारावीत, असे म्हणणारे महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत. त्यांना मी पुरावाच दाखवेन. बॉम जेझूसच्या दर्शनी भागासाठी वसईकडून काळा दगड आणला गेला. उरलेल्या भिंती इथल्याच जांभ्या चिऱ्याच्या आहेत. ते चिरे इथल्याच गवंड्यांनी लावले, वेदीवरचे सोनेरी लाकूडकाम इथल्याच सुतारांनी कोरले. रोझरी चर्चमधल्या एका थडग्यावर गुजरातकडच्या नक्षीची छाप दिसते. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना याच शहरात सुरू झाला. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ताने भारतीय औषधींवरचा आपला ग्रंथ इथेच छापला; तो ज्यू कुळातला होता आणि मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. एकाच शहरात विद्या आणि छळ कसे शेजारी नांदत होते, याचा याहून थेट दाखला मिळणे कठीण. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत. मराठीला छापील रूप मिळवून देणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकी हा एक, आणि तो एका चर्चच्या माणसाने लिहिला. पुढे १६८४ मध्ये त्याच सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. यातले एक स्वीकारून दुसरे नाकारण्याची मुभा मराठी माणसाला नाही. दोन्ही गोष्टी त्याच्याच इतिहासातल्या आहेत.

देवळे त्याच जागी पुन्हा उभारण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराची गोवा सरकारने अलीकडे डागडुजी केली आणि २०२३ मध्ये ते देऊळ पुन्हा खुले झाले. ते योग्यच झाले, कारण तिथे देव आहे, पूजा आहे, गाव आहे आणि शिवाजी महाराजांचा शिलालेख आहे. पण मंगेश आणि शांतादुर्गा यांना फोंड्यात जाऊन साडेचारशे वर्षे झाली. त्यांच्या जत्रा तिथे भरतात, महाजन तिथे जमतात. १७३८ मध्ये शाहू महाराजांच्या पदरच्या नारोराम मंत्र्यांनी कवळ्याला शांतादुर्गेचे मंदिर बांधले. त्या देवळांचे घुमट, कमानी आणि अष्टकोनी मनोरे पाहा. जी शैली पोर्तुगीज चर्चमधून आली तिचेच रूप विस्थापित देवांच्या नव्या घरांनी धारण केले. आता मूळ गावी नवे बांधकाम करून आपण काय दुरुस्त करणार? मोडल्याची खूण पुसली जाईल आणि तिच्या जागी आजचे सिमेंट दिसेल. औंढ्याला ज्यांनी वरचे शिखर बांधले, त्यांनी खालचा जुना दगड घासून गुळगुळीत केला नाही. उद्ध्वस्त देवळाच्या जागी खरोखर हवा आहे तो नकाशा, नाव, साल आणि देव आज कुठे आहे त्याचा पत्ता.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि मला तो सर्वांत नाजूक वाटतो. बॉम जेझूस हे संग्रहालय नाही. तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, रोज प्रार्थना होते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या शवप्रदर्शन सोहळ्याला सर्व धर्मांचे लोक आले, आणि झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणणाऱ्यांत हिंदूही असतात. अशा ठिकाणी इतिहासाचा काथ्याकूट नको, असे कोणी म्हणाले तर गाभाऱ्यापुरते मी ते मान्य करतो. वेदीसमोर फलक लावावा, असे मी म्हणत नाही. पण गोष्ट मात्र पूर्ण हवी. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशान बेटावर वारले, १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. रुग्णांची सेवा करणारा आणि मुलांना घंटा वाजवून गोळा करणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखतात. गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे, असे त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते, हेही खरे आहे. ते सुरू झाले त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. संताच्या जीवनातला हा भाग झाकल्याने त्यांच्या भक्तांचा मान वाढत नाही. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले आणि शहर पडण्याच्या बेतात आले, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने बॉम जेझूसमध्ये जाऊन आपला राजदंड झेवियर यांच्या पायांशी ठेवला. मोगल शहजाद्याची फौज कोकणात उतरल्याने संभाजी महाराजांना माघारी फिरावे लागले. पोर्तुगिजांनी याला चमत्कार म्हटले. मराठ्यांच्या इतिहासात ही मोगलांची स्वारी आहे. दोन्ही स्मृती शेजारी ठेवल्या तर पाहणाऱ्याला त्या दिवसाचे वजन कळते, आणि कोणाच्याही श्रद्धेचा अपमान होत नाही.

पूर्ण सत्य शोधण्याने मैत्री वाढते, याचा उत्तम दाखला तर आपल्याच खात्याने दिला आहे. जॉर्जियाच्या केतेवान राणीला धर्म सोडला नाही म्हणून १६२४ मध्ये शिराझला ठार मारण्यात आले. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणून आपल्या मठात ठेवले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, मठ ओस पडले. १८४२ मध्ये सेंट ऑगस्टीनच्या चर्चचे छत कोसळले आणि आता त्याच्या मनोऱ्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धाच भाग उभा आहे. अवशेष त्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. जुन्या कागदांत एक धागा होता: अमुक बाजूच्या, अमुक खिडकीखालच्या दगडी पेटीत हाडे ठेवली आहेत. आपल्या पुरातत्त्वज्ञांनी तो धागा धरून खिडकी शोधली, खणले आणि हाड मिळवले. मग हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने डीएनए तपासून ते हाड बहुधा केतेवानचेच असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला. त्या देशात आज भारताचे नाव आदराने घेतले जाते. एका परक्या राणीसाठी जी चिकाटी आणि जी शास्त्रशुद्धता दाखवली, तीच या शहरातून हाकललेल्या देवांसाठी, कोठड्यांत मेलेल्या अनामिकांसाठी आणि १५१० मध्ये मारल्या गेलेल्या मुसलमानांसाठी का दाखवू नये?

आपल्याकडे साधनेही आहेत. सेंट फ्रान्सिसच्या कॉन्व्हेंटमध्ये १९६४ पासून आपले संग्रहालय आहे. तिथे कदंबकाळचे वीरगळ आणि सतीशिळा आहेत, व्हाइसरॉयांची चित्रे आहेत, आणि पणजीहून काढून आणलेला अल्बुकर्कचा पुतळाही आहे. जिंकणारा आणि जिंकलेला एका छताखाली ठेवण्याचे धाडस या खात्याने गोवा मुक्त झाल्यावर अवघ्या तीन वर्षांत दाखवले होते. तेच आता भिंतींबाहेर आणायचे आहे. माझी सूचना साधी आहे. संग्रहालयापासून आदिलशाही चौकट, हातकातरो खांब, धर्मन्यायालयाची जागा, सेंट ऑगस्टीनचे अवशेष आणि मांडवीपारचे दिवाडी यांना जोडणारा एक मार्ग आखावा. प्रत्येक ठिकाणी कोंकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत फलक असावा; पुरावा काय आणि परंपरा काय ते त्यावर वेगळे लिहावे, आणि फोंड्याच्या देवळांचा नकाशा त्यातच असावा. मजकूर लिहिताना गोव्यातले इतिहासकार, चर्चचे प्रतिनिधी आणि फोंड्याच्या देवस्थानांचे महाजन यांना एकत्र बसवावे. त्यांचे सगळ्या मुद्द्यांवर एकमत होणार नाही. मतभेद असेल तिथे दोन्ही मते छापावीत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. ते इथे एका इंचानेही सैल होऊ देऊ नये, कारण जमिनीखालचा थर एकदा पाया खोदताना गेला की कोणताही फलक तो परत आणू शकत नाही. आणि बॉम जेझूसच्या भिंतींचा गिलावा गेल्या शतकात उतरवला, तो परत चढवायचा की नाही या वादावरचा तज्ज्ञांचा अहवाल लोकांसमोर ठेवावा.

१८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली तेव्हा रोगराईने आणि सत्तेच्या अवनतीने जुने गोवे जवळजवळ रिकामे झाले होते. तेव्हापासून ते लोकांच्या ये-जा करण्यावर जगते आहे, आणि दर दहा वर्षांनी शवप्रदर्शनाच्या वेळी लाखो माणसे तिथे येतात. पुढचा सोहळा २०३४ च्या आसपास येईल. तोपर्यंत आपल्या हाती पुरेसा काळ आहे. से कॅथेड्रलजवळच्या त्या रिकाम्या जागेवर, जिथे धर्मन्यायालयाचा वाडा होता, पहिला फलक लावण्यापासून सुरुवात करावी, ही आपल्याला आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
हिंगोली जिल्ह्यातील एक नागरिक